वाट सोडा, पाव्हणं

"मान खाली घाल," म्हणत डॉलीताईनं माझ्या खोप्यात आणखी एक आकडा खुपसला. तो टाळूला लागला, पण मी हूं की चूं केलं नाही. डॉलीताई त्या स्टुडिओत मेकअप करायची. हाताला जड, मनानं तशी बरी. माझ्या चेहऱ्यावर तिनं आधीच दोन थर चढवले होते. पहिला मला गोरं करायला, आणि दुसरा, मी फारच भुतासारखी दिसायला लागले म्हणून, पुन्हा थोडं सावळं करायला. मानेखाली मात्र देवानं दिला तोच रंग होता. हार घातले की तो झाकेल, असं तिचं म्हणणं.

शेजारच्या खुर्चीत मैथिली पटवर्धन बसली होती. पांढरा फ्रॉक, दोन शेंड्या, शेंड्यांना गुलाबी रिबिनी आणि मांडीवर कापसाचं अस्वल. ते अस्वल तिचं नव्हतं, चॅनेलचं होतं. शूटिंग सुरू व्हायच्या आधी ते तिच्या कुशीत यायचं आणि संपलं की एक माणूस येऊन ते कपाटात नेऊन ठेवायचा. मला नऊवारी होती, नथ होती, कमरेला पट्टा होता आणि पायात घुंगरं. मी जरा हलले की सगळी छनछन वाजायची, आणि मैथिली आरशातून माझ्याकडे बघून हसायची. त्या दिवशी मात्र ती हसली नाही.

ही गोष्ट 'पाखरांची मैफल' या कार्यक्रमाची. लहान मुलांची गाण्याची स्पर्धा, दर शनिवारी टीव्हीवर. मुंबईच्या पार टोकाला असलेल्या एका स्टुडिओत तिचं शूटिंग चालायचं. मी बार्शीहून आलेली, सारिका आवळे. माझे आप्पा जयभवानी ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. निवडीच्या वेळी मी आप्पांनी शिकवलेलं एक संथ भावगीत म्हटलं होतं, डोळे मिटून, आणि त्याच गाण्यावर माझी निवड झाली. त्यानंतर मात्र एकदाही मला तसलं गाणं मिळालं नाही.

गाणी आम्ही निवडायची नसत. 'क्रिएटिव्ह' नावाची एक टीम होती, ती ठरवायची. गौरी मॅडम तिच्या मुख्य. गोड बोलणाऱ्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. मैथिलीला अंगाई मिळाली, बालगीत मिळालं, भक्तिगीत मिळालं, पावसाचं गाणं मिळालं. मला गोंधळ मिळाला, कोळीगीत मिळालं, मळणीचं गाणं मिळालं आणि मग पुन्हा गोंधळ. मैथिली गायली की परीक्षक नीलांबरीताई म्हणायच्या, देवघरात समई लावल्यासारखं वाटलं. मी गायले की म्हणायच्या, मातीचा वास आला. दर आठवड्याला माझ्या गाण्यात माती. मला कळेना, मी गाते आहे की नांगरते आहे.

उपांत्य फेरीच्या आधी मी धीर करून गौरी मॅडमकडे गेले होते. मला एखादं हळू गाणं द्या, असं म्हणाले. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि मला समजावलं. तुझा आवाज रांगडा आहे, त्याचा ठसका लोकांना आवडतो, हळू गाणी मैथिली म्हणते, प्रत्येकाची आपली जागा असते. मी म्हटलं, निवडीला मी हळू गाणंच म्हटलं होतं, सगळ्यांनी डोळे मिटून ऐकलं होतं.

"हो गं," त्या म्हणाल्या, "पण टीव्ही कुणी डोळे मिटून बघत नाही."

मग त्यांनी मला उपांत्य फेरीचं गाणं सांगितलं. लावणी. आणि वर लालूच दाखवली, अंतिम फेरीत प्रत्येकाला आपल्या पसंतीचं एक गाणं म्हणता येतं. एवढी एक लावणी जोरात कर, अंतिम फेरीत जा आणि मग म्हण तुझं ते हळू गाणं, सगळा महाराष्ट्र ऐकेल. मला ते पटलं. खरं सांगते, मला ते इतकं पटलं की रात्री झोपेतसुद्धा मी अंतिम फेरीतलं गाणं म्हणत होते. आप्पांना ते गाणं मी टीव्हीवरून ऐकवणार होते. दुसरं काही मला नको होतं.

लावणी जुन्या एका तमाशापटातली होती. तिचा मुखडा असा:

वाट सोडा, पाव्हणं, दिस मावळला,
घरी माझ्या आयनं दिवा लावला.

चाल फक्कड होती, जिभेवर आपोआप नाचायची. पण चालीनं भागणार नव्हतं. एक नृत्य शिकवणारे सर आले. 'वाट सोडा' म्हणताना वाट अडवणाऱ्याकडे कसं बघायचं, मान कशी वेळावायची, एक भुवई कशी उचलायची, पदराचं टोक दातांत कसं धरायचं, हे त्यांनी मला दोन दिवस शिकवलं. मला जमेना तेव्हा ते चिडून म्हणाले, नाही म्हणताना हो म्हणायचं असतं गं, एवढं कळत नाही? मला खरंच कळत नव्हतं. मी त्यांनी केलं तसं करत गेले, शाळेत कवायत करतात तशी. तालमीच्या हॉलमध्ये पालकांना येऊ देत नसत, म्हणून आप्पांनी यातलं काही पाहिलेलं नव्हतं. ते प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसणार होते आणि सगळं एकदमच बघणार होते. मला भीती होती ती त्याचीच.

तर त्या मेकअपच्या खोलीत मैथिली हसली नाही. ती खुर्चीत अवघडून बसली होती. अस्वल तिनं मांडीवर घट्ट धरलं होतं आणि चेहरा पांढराफटक पडला होता. तिची आई बाहेर फोनवर बोलत होती. मैथिलीनं डॉलीताईची ओढणी ओढली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. डॉलीताईनं तिला उठवलं, मागून फ्रॉक बघितला आणि तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. मग दार लावून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"ए सारिका, तुझ्याकडं असेल ना पॅड? दे एक हिला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. पॅड म्हणजे काय ते मला माहीत होतं, आईकडं बघितलं होतं. पण ते माझ्याकडे का असेल, हे मला कळेना.

"माझ्याकडं नाही," मी म्हणाले. "मला अजून ते येत नाही."

डॉलीताई हसली. "चल, खोटं नको बोलू. एवढी थोराड तू."

"ती लहान आहे," मैथिली म्हणाली. ती रडत होती, पण हे तिनं अगदी स्पष्ट म्हटलं. "माझ्यापेक्षा लहान आहे ती. मला श्रावणात तेरा वर्षं पूर्ण झाली. ती बाराच वर्षांची आहे."

डॉलीताईनं आधी तिच्या रिबिनींकडे बघितलं, मग माझ्या नथीकडे. तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला. मग ती एकदम कामाला लागली. आपल्याच पर्समधून तिनं हवं ते काढलं, पडद्यामागं मैथिलीला सगळं समजावलं, फ्रॉकचा डाग धुतला आणि केस वाळवायच्या यंत्रानं तो वाळवायला घेतला. मी पडद्याबाहेर अस्वल सांभाळत उभी होते. आतून मैथिलीचा हात आला, मी तो धरला. तो गार पडला होता. दुखतंय का, मी विचारलं. ती म्हणाली, दुखत नाही, पण आईला सांगू नकोस, ती म्हणते चॅनेलला मी छोटीच हवी आहे.

तेवढ्यात मैथिलीची आई, पटवर्धन काकू, आत आल्याच. सगळं कळल्यावर त्यांनी मैथिलीला जवळ घेतलं, पण दुसऱ्याच क्षणी दाराकडे बघितलं. बाहेर कुणाला बोलू नका हं, असं त्या डॉलीताईला विनवून म्हणाल्या. मला त्या काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मैथिलीचं नाक पुसलं, रिबीन सारखी केली आणि अस्वल माझ्या हातातून घेऊन पुन्हा तिच्या कुशीत दिलं.

मी आरशात बघितलं. तोपर्यंत मी तिथं नटवलेली सारिका बघत आले होते. आता मला एक बाई दिसली, मला माहीत नसलेली, आणि ती माझ्याच डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. मला तिची भीती वाटली.

बाहेर बोळात आप्पा उभे होते. त्यांना बँडचा लाल कोट घालून यायला सांगितलं होतं, सोनेरी फीत लावलेला. हातात क्लॅरिनेटही हवं होतं, कॅमेऱ्याला दाखवायला. मैथिलीचे बाबा कचेरीतून आलेले, साध्या शर्टात होते. त्यांना कुणी कचेरीची फाइल घेऊन बसायला सांगितलं नव्हतं.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. जन्मात कधी त्यांनी माझ्यावरून नजर काढून घेतली नव्हती. रागावले तरी रोखून बघायचे.

"आप्पा, मी कशी दिसते?"

"मोठी दिसतीस," ते भिंतीकडे बघत म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "लई मोठी."

गौरी मॅडम घाईघाईत आल्या, हातात वॉकीटॉकी. आप्पांना बघून खूश झाल्या. कोट मस्त आहे म्हणाल्या. आज तुमची मुलगी धमाल करणार बघा, असं त्यांनी सांगितलं, आणि मग सहज, कौतुकानंच, म्हणाल्या, "शेवटी तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं ना हे."

आप्पा नम्र माणूस. वरातीत दारू प्यालेल्या नवरदेवाच्या मामालासुद्धा ते साहेब म्हणायचे. ते कोटाचं बटण चाचपत म्हणाले, "रक्तात काय नसतंय, मॅडम. पहाटं उटून शिकावं लागतंय."

मॅडम हसल्या. त्यांना तो विनय वाटला. वॉकीटॉकीवर कुणीतरी बोलावलं आणि त्या गेल्या.

आप्पा माझ्यापुढं खाली बसले, माझ्या घुंगरांच्या दोऱ्या बघितल्या, घट्ट आहेत का म्हणून. मान खाली ठेवूनच ते बोलले. "नगं वाटत आसंल तर आत्ता सांग. संध्याकाळची बार्शीची गाडी हाय. कोण काय म्हणत न्हाई."

"मला फायनलला जायचंय, आप्पा. तुमचं गाणं म्हणायचंय."

"मग म्हण," ते उठत म्हणाले. "तू म्हणशील तसं."

ते प्रेक्षकांत जाऊन बसले. मी विंगेत उभी राहिले. समोर मैथिलीचं गाणं चाललं होतं, चांदोबाचं. तिचा सूर एकदोनदा हलला, आणि तो का हलला ते मला एकटीला माहीत होतं. गाणं संपल्यावर परीक्षक नीलांबरीताई म्हणाल्या, घाबरलं का गं माझं सोनुलं? चालतं, बाळा, अजून लहान आहेस. सगळे टाळ्या वाजवत होते. मैथिली अस्वलाच्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी होती. मला तिची दया आली आणि रागही आला, तिचा नाही, कुणाचा ते सांगता येत नव्हतं.

इथं मला एक आमच्या बँडची गोष्ट सांगितली पाहिजे. खेड्यापाड्यातल्या लग्नात वाजवणाऱ्या बँडला फार गाणी बसवायला वेळ नसतो. वरातीत जे गाणं जोरात चालतं, तेच पाठवणीलाही वाजवायचं, ही आप्पांची हातोटी. ढोल-ताशा बंद करायचा, लय अर्ध्याहून खाली आणायची आणि क्लॅरिनेटनं एकेक सूर धरून ठेवायचा. दुपारी ज्या चालीवर पोरं धूळ उडवत नाचलेली असतात, त्याच चालीवर संध्याकाळी नवरीची आई पदरात तोंड खुपसते. लहानपणी मला हे जादूसारखं वाटायचं. मी विचारलं होतं, आप्पा, गाणं तेच ना? ते म्हणाले होते, गाणं तेच, पण वरातीत पोरगी घरात असती आणि पाठवणीला ती घरातनं निघालेली असती.

माझं नाव पुकारलं गेलं. दिवे डोळ्यांवर आले. निवेदकानं मोठ्यानं सांगितलं, आता येतेय आपली बार्शीची फटाकडी. कुणीतरी शिट्टी मारली. मी मंचाच्या मधोमध जाऊन उभी राहिले, नमस्कार केला. आप्पा पहिल्या रांगेत होते, कोटाची सोनेरी फीत चमकत होती आणि नजर माझ्या पायांकडे होती, घुंगरांवर. वर बघायची त्यांची तयारी नव्हती.

लावणीचा मुखडा पहिल्यांदा मोकळा म्हणतात, तालाशिवाय. गाणारी शेवटच्या शब्दावर मानेला झटका देते, तो ढोलकीला इशारा. त्या झटक्यावर थाप पडते आणि मग लावणी सुसाट सुटते. झटका दिल्याशिवाय थाप पडत नाही. आमच्या वाद्यवृंदात ढोलकीवर बंडूकाका होते, साठीचे, तमाशाच्या फडात आयुष्य गेलेले. ते इशाऱ्याशिवाय बोटसुद्धा हलवत नसत.

मी सुरू केलं. वाट सोडा, पाव्हणं, दिस मावळला. मोकळं, संथ. घरी माझ्या आयनं दिवा लावला. 'लावला'वर झटका द्यायचा होता. बंडूकाकांचा हात वर गेलेला मला दिसला. नृत्याचे सर कॅमेऱ्यामागून स्वतःची मान हलवून मला आठवण करून देत होते.

मी झटका दिला नाही. 'लावला' मी तसाच धरून ठेवला, आप्पा क्लॅरिनेटवर धरतात तसा, आणि हळूच खाली सोडला. मग त्याच लयीत मुखडा पुन्हा घेतला. वाट सोडा. मान वेळावली नाही, भुवई उचलली नाही. मला घरी जायचं होतं आणि कुणीतरी वाटेत उभं होतं. एवढंच त्या गाण्यात होतं, आणि ते मी म्हणत होते. दोन दिवस मला जे कळत नव्हतं ते गाणं मला त्या क्षणी कळलं. त्यात नाही म्हणजे नाहीच होतं.

बंडूकाकांचा हात हवेतच होता. त्यांनी मनात आणलं असतं तर थाप मारून मला ओढून नेता आलं असतं. त्यांनी मारली नाही. की-बोर्डवाल्यांनी घाबरून नुसता षड्ज धरून ठेवला. मी कडवं घेतलं:

नका धरू मनगट, काकणं नवी,
जत्रंतनं बापानं आणली, मला जशी हवी.

'बापानं' म्हणताना आप्पांनी वर बघितलं. खोपा, नथ, पट्टा, सगळं ओलांडून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही. माझा आवाज तिथं थोडा फाटला. मी तो तसाच राहू दिला. शेवटचा मुखडा मी जवळपास बोलल्यासारखाच म्हटला. दिवा लावला, आणि संपलं. गाताना घुंगरू एकदाही वाजलं नव्हतं.

टाळ्या आल्या नाहीत. मागं कुठंतरी एका बाईनं नाक ओढलं, तेवढंच. बंडूकाकांनी हात हळूहळू खाली आणला आणि ढोलकीवर नुसता ठेवला.

नीलांबरीताईंनी माइक उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्या म्हणाल्या, "गोड गायलीस. पण बाळ..." आणि त्या थांबल्या. त्या कार्यक्रमात मला बाळ कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांचे डोळे क्षणभर ओलावले. मग कानातल्या यंत्रातून कुणीतरी त्यांना काही सांगितलं, आणि आवाज बदलून त्यांनी वाक्य पुरं केलं. "पण लावणी अशी नसते. ठसका कुठं गेला?"

"कट," असं वरून कुणीतरी म्हणालं. दिवे निम्मे विझले आणि गौरी मॅडम मंचावर आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. माझ्यापुढं वाकून, खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, काही हरकत नाही, आपण पुन्हा घेऊ, या वेळी शिकवलं तसं. बंडूकाकांना त्या म्हणाल्या, तुम्ही इशाऱ्याची वाट बघू नका, सरळ थाप मारा. बंडूकाका ढोलकीची वादी, ती ताणणारी दोरी, सैल करायला लागले होते. ते म्हणाले, "वादी उतरलीय. आज चढायची नाही." वादी ठणठणीत होती, मी बघत होते.

मग बंडूकाकांच्या मागं साथीला बसणारा ढोलकीचा मुलगा चालेल, असं मॅडमनी ठरवलं. त्या मला म्हणाल्या, "सारिका, नीट ऐक. आत्ता तू केलंस तसं दाखवलं तर तू आज बाहेर. पुन्हा केलंस तर फायनल. फायनलला तुझं ते गाणं आहे ना?"

होतं. ते गाणं माझ्या घशात होतं, ओठांवर यायचं तेवढं बाकी होतं. तीन मिनिटांचं काम. भुवई उचलायची, मान वेळावायची, आणि पुढच्या शनिवारी सगळ्या महाराष्ट्रापुढं आप्पांचं गाणं. मी विंगेकडे बघितलं. तिथं मैथिली उभी होती, अस्वल घेऊन. ती मान हलवत होती. नको, नको, असं.

"मी गायलेय," मी म्हणाले. "तेच माझं गाणं."

मॅडमनी सुस्कारा सोडला आणि खालचा आवाज काढला. हट्ट करू नकोस, एवढी मोठी मुलगी तू, असं त्या म्हणाल्या. त्यांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. तो जड नव्हता, पण हलतही नव्हता. मागं कॅमेरावाले, नृत्याचे सर, वायरी गुंडाळणारी माणसं असे सगळे मंचाच्या पायऱ्यांवर गोळा झाले होते. मला खाली उतरायला जागाच नव्हती.

तेव्हा आप्पा उठले. क्लॅरिनेट खुर्चीवर ठेवून ते मंचाकडे आले. चालता चालताच त्यांनी तो लाल कोट काढला. आत त्यांचा विरलेला पांढरा सदरा होता. पायऱ्यांशी माणसांची गर्दी होती, ते खाली थांबले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण असा आवाज मी त्यांचा त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

"वाट सोडा, पाव्हणं," आप्पा म्हणाले. "लेकरू हाय माझं. घरी न्यायचंय."

माणसं बाजूला झाली. आप्पा वर आले, कोट माझ्या अंगावर घातला. तो गुडघ्यांपर्यंत आला, नऊवारी जवळजवळ सगळी झाकली. मॅडमनी हात काढून घेतला. आप्पांनी मला कडेवर घेतलं, बारा वर्षांच्या घोडीला, घुंगरांसकट. मला लाज वाटायला हवी होती. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मेकअपचे दोन्ही थर त्यांच्या सदऱ्याला पुसले.

खुर्चीवरचं क्लॅरिनेट घेऊन आम्ही बार्शीची गाडी पकडली. एका थांब्यावर त्यांनी मला गरम वडा आणून दिला आणि तो मी खाईपर्यंत माझ्या खोप्यातले आकडे एकेक करून काढत बसले. पहाटे घरी पोचलो तेव्हा आई जागी होती. देवापुढचा दिवा तिनं रात्रभर विझू दिला नव्हता. हरलीस का, असं तिनं विचारलं नाही. तोंड धू, म्हणाली.

त्या शनिवारी आमच्या गल्लीतली माणसं टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसली होती. माझं गाणं दाखवलंच नाही. तालमीतला एक तुकडा दाखवला, ठसक्याचा, भुवई उचललेला, आणि निवेदकानं सांगितलं, आज सारिकाचा जलवा थोडा कमी पडला. शेजारच्या म्हातारीनं आईला म्हटलं, अगं, पोरगी लग्नाला आली की तुझी. आईनं टीव्ही बंद केला.

मैथिली दुसरी आली. तिचा अजून फोन येतो. ती आता नाव कमावून आहे, आणि परवाच हसत सांगत होती, सतरा वर्षांची होईपर्यंत मला रिबिनी बांधत होते गं, पोटात दुखलं तरी चांदोबा. मी बार्शीत गाणं शिकवते. माझ्याकडे सगळ्या रंगांच्या मुली येतात आणि कुठली काय गाणार ते त्या स्वतः ठरवतात. परवा एक गोरीगोमटी लावणी मागायला आली. मी म्हटलं, ये, पहाटे ये.

पुढच्या माघात मला तेरा वर्षं पूर्ण झाली, आणि त्याच महिन्यात एका सकाळी मी आईला हाक मारली. आईनं मला न्हाऊ घातलं, हातावर गूळ-खोबरं ठेवलं आणि विचारलं, घाबरलीस का? मी नाही म्हटलं. बाहेर ओट्यावर आप्पा क्लॅरिनेट पुसत बसले होते. आईनं त्यांना हळूच काहीतरी सांगितलं. त्यांनी दारातून आत माझ्याकडे बघितलं, चांगलं रोखून.

"आता मोठी झाली माझी पोर," ते म्हणाले.